तारप्याकडे तोंड

मेणावर अंगठ्याचा ठसा अजून होता. जीपमध्ये गुडघ्यांत गिटार धरून बसलेली शितल तो गोळा पुन्हापुन्हा उन्हाकडे धरत होती — सुपारीएवढा, काळपट, मधाचा किंचित वास — आणि ठसा चिमणकाकाचा, फुंकून वाजवायच्या तारप्याच्या वाळक्या दुधीला बांबूच्या नळ्या बसवताना दाबलेला. गेल्या वर्षी काका डहाणूच्या स्टेजवरून गाणं अर्धं टाकून उतरला तेव्हा हा गोळा तिथंच राहिला होता. तेव्हापासून तो तिच्या गिटारच्या बॅगेत.

आज पाच वाजता तलासरीच्या मैदानावर कार्यक्रम... काका येईल का? "बगतू म्हनला. नाय असा काय म्हनला नाय," आई फोनवर म्हणाली होती, आणि तेवढ्यावर शितलचे पाय सकाळपासून जमिनीवर ठरत नव्हते.

चारोटीला जीप थांबली, भज्यांचा वास आत आला आणि तिला उगाच हसू फुटलं. काय शहाणी होते मी! लग्नाच्या मांडवात पुतळीआत्याच्या मागे बसून गाणारी पोर डहाणूला कॉलेजात गेली, नविनचे ड्रम ऐकले, इलेक्ट्रिक गिटार गळ्यात आली आणि वाटलं, हेच आपलं — मग तीन वर्षं नुसता आरडाओरडा, सगळा हिंदीत, सगळा उसना. मग कुणीतरी म्हणालं, तुमच्याकडे तारपा असतो ना, तो घाला की थोडा. आणि मी घातला. भाजीवर कोथिंबीर घालावी तसा! काकाला मागे ड्रमच्या शेजारी उभं केलं, आणि स्वतः पुढे, माइकपाशी, लोकांकडे तोंड करून...

तारप्याला पाठ. बाहेरच्या माणसानं केलं असतं तर खपलं असतं. पण ही चार वर्षांची असल्यापासून नवं भात घरात आलं की हातात हात गुंफून गोल नाचलेली, तारपा मध्ये आणि तोंड कायम त्याच्याकडे, कुणी पाठ केली की म्हातारी माणसं ओरडायची — आणि स्टेजवर चढताच विसरली. काकानं दोन कडवी वाट पाहिली, मग सूर थांबला. भांडला असता तर बरं झालं असतं. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा त्याचा राग आला, कित्येक महिने.

तो राग निवला गेल्या महिन्यात, आशागडच्या प्रॅक्टिसच्या खोलीत. नविन चहा आणायला गेलेला, मोबाइलवर काकाचं जुनं रेकॉर्डिंग, आणि ती नुसतीच गोल चालत होती... तारप्याचा सूर बदलला की नाचणाऱ्यांचं पाऊल बदलतं, पण कधी बदलेल ते फक्त वाजवणाऱ्याला माहीत. अरे, गाणंच असं हवं! कडवी मोजायची नाहीत. काका वळला की गिटार वळेल, ड्रम वळतील, शब्दही.

"पण ते संपणार कधी?" नविननं विचारलं.

"काकाला विचार."

दोघं वेड्यासारखी हसली. आजच्या यादीत तिनं दुसरं गाणंच ठेवलं नव्हतं.

मैदानावर खुर्च्या भरत आल्या होत्या. तिनं स्टेजचा मध्य मोकळा सोडला आणि माइक तिकडे वळवला. कार्यक्रम भरवणारा मनिष धावत आला.

"ताई, पब्लिक तिकडे आहे ना! त्यांना काय पाठ दाखवणार?"

"दाखवते."

मग तिला काका दिसला. स्टेजच्या मागे, ताडाखाली, तारपा फडक्यात गुंडाळून उभा. येतही नव्हता, जातही नव्हता. धावत जावं, मेण हातात द्यावं, सगळं सांगून टाकावं... ती गेली नाही. तिची जागा इथं होती, आणि ती कशी उभी आहे ते त्याला तिथून दिसत होतं.

पाच वाजून गेले. पाठीमागे शिट्ट्या सुरू झाल्या. नविननं काड्या उचलून तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली — अजून नाही. मुठीत मेण मऊ झालं होतं, ठसा केव्हाच बुजला असणार. भीती वाटायला हवी होती, पण तिला मजा येत होती, इतकी मजा की मांडवातल्या त्या पोरीनंतर कधी आली नव्हती. काका वाकून चप्पल काढत होता की नुसता पाय खाजवत होता, इथून कळत नव्हतं. तिनं तोंड तिकडेच ठेवलं.