शुक्रवारनंतरची कातडी

"अगं, हा डबा इथं कशाला आणलास?" ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नर्स जोअननं अडवलं.

"कशाला म्हणजे? हॉब्सची कातडी. आठला लावायचीय ना?" लॉरेटा म्हणाली.

जोअनचा चेहरा उतरला. "टेरेल हॉब्स? तो शुक्रवारीच गेला गं. तुला कुणी कळवलं नाही?"

कोण कळवणार? ओहायोतल्या त्या इस्पितळाच्या तळघरात लॉरेटा सव्वीस वर्षं कातडी वाढवत होती. भाजलेल्या माणसाची टिकलीएवढी धड कातडी खाली यायची, तीन आठवड्यांनी तिच्यापासून वाढवलेली कातडी प्रयोगशाळेच्या बशा भरून वर जायची. धान्याच्या कोठाराच्या स्फोटात होरपळलेल्या टेरेलसाठी तिने अठरा बशा वाढवल्या होत्या. कातडीला दिवसाआड पोषक द्रव खाऊ घालावं लागतं, मग रविवार असो की नाताळ. काल नातीचा बाप्तिस्मा अर्धवट टाकून ती धावत आली होती, मेलेल्या माणसाची कातडी पोसायला! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तिला वरच्या सगळ्यांची चीड आली, आणि स्वतःची जास्त.

नियमाने बशांत ब्लीच ओतून त्या टाकायच्या होत्या. तिने त्या परत उबेच्या कपाटात ठेवल्या.

दुपारी टेरेलची आई विल्मा त्याचं सामान न्यायला आली, ती विचारत विचारत तळघरात उतरली.

"त्याची कातडी तुमच्याकडं आहे म्हणे?"

"आहे."

"जिवंत?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण लॉरेटाला ते जमलं नाही. "हो. अजून वाढतेय."

लॉरेटाने एक बशी काढून समोर ठेवली. विल्मा कितीतरी वेळ वाकून पाहत राहिली. "मानेवर तीळ होता त्याच्या. तो कुठाय?"

"तीळ येत नाही, बाई. केस नाहीत, घाम नाही. खालचा थर आम्हाला वाढवताच येत नाही. हा नुसता वरचा पापुद्रा."

"म्हणजे एवढं करून हेच होय!" विल्मा तुटकपणे म्हणाली. मग आवाज खाली आला. "शवपेटी बंदच ठेवणार म्हणतात. मला त्याला हातसुद्धा लावू देईनात. याला लावू?"

सव्वीस वर्षांत लॉरेटाने कुणाचं उघडं बोट बशीजवळ येऊ दिलं नव्हतं. तिने झाकण काढलं.

विल्माने बोट टेकवलं. पापुद्रा लगेच चुरगळला.

"गरम आहे," ती म्हणाली.

"अंगाइतकीच ठेवतो आम्ही."

विल्माने बोट काढलं नाही. लॉरेटा ब्लीचची बाटली हातात धरून, ती न उघडता, तिच्याशेजारी उभी राहिली.