चिमटीतला वारा

शीळफाट्याच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, दामाजीचं भाताचं एक खाचर तेवढं उरलं होतं. बाकी जमिनीवर टॉवर उभे राहिले. तरी शिमगा सरला की दामाजी राब भाजायचाच. वाळकं शेण, पालापाचोळा, गवत, वर मातीचा पातळ थर. जमीन भाजली की रोपं तरारून येतात.

काडी लावायच्या आधी तो चुलीतली राख चिमटीत घ्यायचा आणि डोक्याएवढ्या उंचीवरून सोडायचा. राख जिकडे झुकेल त्या टोकाला काडी लावायची. मग आग वाऱ्याला तोंड देत रांगत येते, धावत नाही. बाप असंच करायचा, आजाही.

यंदा राख सरळ पायावर पडली. वाराच नाही म्हणून दामाजीने नेहमीच्या टोकाला, खाडीच्या बाजूला काडी लावली.

वारा होता. दामाजी नव्या टॉवरच्या आडोशाला उभा होता, एवढंच. दोन टॉवरांच्या फटीतून वारा भात्यासारखा फुंकत आला, आग उचलली, बांधावरून पलीकडे टाकली आणि डोंगराला दिली. दोन दिवस डोंगर जळत होता. गवत गेलं, कारवी गेली, मातीला धरून ठेवणारी मुळं गेली. काळी पाठ उघडी पडली.

डोंगरावर पार्टीला येणाऱ्या पोरांचं काम, असं गावात ठरलं. दामाजीने ते ठरू दिलं.

श्रावण लागला. तीन दिवस पाऊस खळला नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी दामाजी खाचरावर गेला, तर डोंगरावरून येणारा ओहोळ आटलेला. पाऊस कोसळतोय आणि ओहोळात नुसता चिखल. पाणी वर कुठेतरी अडलं होतं, मातीमागे साचत होतं. ओहोळाच्या कडेला, डोंगराला पाठ टेकून, भाडेकरूंच्या चार खोल्या होत्या.

पहिल्या खोलीत हौसाबाई भाकरी थापत होती. माणदेशातून येऊन तिला वीस वर्षं झाली होती.

"हौसाबाय, उठ. डोंगर येतंय खाली."

"या मामा, बसा. डोंगर दरसाल येतो." तिने फळीकडे बोट दाखवलं. महापालिकेची धोक्याची नोटीस तिने डब्यांखाली अंथरली होती. "मागं एकदा गेलो की शाळेत राहायला. डोंगर हाय तितंच, आन माझा तांब्याचा बंब कुनीतरी न्हेला. आता न्हाय जायची."

"यंदाचा डोंगर तो नाय गो."

"का? ह्यो काय नवा आनलाय?"

दामाजी उंबऱ्यातच उभा होता. टोपीवरून पाणी गळत होतं. सांगितलं तर गावात तोंड उरणार नाही. नाही सांगितलं तर ही बाई भाकरीच थापत राहील.

"जळला ना तो," तो म्हणाला. "गवताची काडी नाय वर. पोरांनी नाय जाळला. मीनी जाळला. राब भाजताना वारा चुकला माझा."

हौसाबाईचा हात परातीत थांबला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, स्टो बंद केला आणि पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"आन चार म्हैनं गप बसलात? आमच्या उशाला ह्यो काळा भुजंग ठिवून? संचिता! अगं शेवंते! बाहेर या समद्या! ह्या म्हाताऱ्यानं जाळलाय डोंगर!"

दारं उघडली. बाया, पोरं, रात्रपाळी करून झोपलेला उत्तम, सगळे पावसात आले. उत्तम लुंगी सावरत ओरडला, "काका, लाज वाटते का? पोरांच्या नावावर खपवलंत?"

दामाजी एक पाऊल मागे सरला. ते एक पाऊल पुढे आले. तो तसाच मागे मागे, रस्त्याकडे, पिंपळाच्या पाराकडे सरकत राहिला आणि शिव्या त्याच्यामागून येत राहिल्या. एक म्हातारी मागे रेंगाळली, तेव्हा तो थांबून म्हणाला, "तुम्ही पन बोला ना. माझा काय वाकडा करनार तुम्ही?" तीही चवताळून आली.

पार जवळ आला तेव्हा हौसाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "तुमच्या घरावर यिऊ दे म्हनावं..." आणि पुढचं डोंगराकडून आलेल्या आवाजात बुडालं.

ट्रकभर खडी ओतल्यासारखा. काळी पाठ सावकाश सुटली आणि चारी खोल्यांवरून ओघळली. पत्रे वाकले. पुढची खिडकी थोडा वेळ दिसली, मग तीही मातीत गेली. शेवंतीने पोरं मोजली. दोनदा मोजली. सगळी होती.

चारी बिऱ्हाडं दामाजीच्या ओटीवर आली. दुसरीकडे जागा नव्हती. चहा हौसाबाईनेच केला; सगळ्यांना दिला, दामाजीसमोर नुसता ठेवला.

दिवेलागणीला तिचा मुलगा प्रीतम कारखान्यातून परतला. घराच्या जागी माती बघून तो धावत ओटीवर आला आणि आईला बघून खालीच बसला. तिने त्याच्या हातात कप दिला. मग ती दामाजीकडे वळली.

"मामा, ह्याला बी सांगा."

दामाजीने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि राखेच्या चिमटीपासून सुरुवात केली.