सुवर्ण सभासदाची मागची बाजू

मी 'सागरसखी' नावाच्या जहाज कंपनीचं सोनेरी कार्ड बोलतोय. मुक्काम पोस्ट मंठा, जिल्हा जालना, दाराच्या मागचा खिळा. माझ्या एका बाजूला छत्री लटकते, दुसऱ्या बाजूला बाजाराची पिशवी. जहाजाचं कार्ड आणि मंठ्यात काय करतंय, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटायचं. इथून समुद्र साडेचारशे किलोमीटर आहे आणि जवळचं मोठं पाणी म्हणाल तर दुधना धरणाचं. तिथं फार तर मासेवाल्यांच्या होड्या चालतात.

माझा जन्म मुंबईतल्या एका काचेच्या इमारतीत झाला. एका यंत्रातून आम्ही हजारो भावंडं एकाच दुपारी बाहेर पडलो. अंगावर 'सुवर्ण सभासद' असं छापलेलं असल्यामुळे मी जन्मापासूनच ताठ होतो. ते सोनं नसून नुसती शाई आहे, हे मला फार उशिरा कळलं. आमच्याबरोबर पाकिटात एक चिठ्ठी असायची. 'आपण आता आमच्या कुटुंबातले झालात,' असं तीत लिहिलेलं असे. त्या कुटुंबात नेमकी किती माणसं आहेत, हे कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं.

कुरिअरनं मी तातेराव सरांच्या घरी आलो. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवतात. त्या दिवाळीत ते, त्यांची पत्नी बेबीनंदा, मुलगा आर्यन आणि मुलगी अक्षता असे चौघं मुंबईहून गोव्याला जहाजानं जाऊन आले होते. एका खोलीत दोन मोठे आणि दोन लहान, अशी कंपनीची योजना होती. पाचव्या माणसाला सबंध दुसरी खोली घ्यावी लागली असती. पाचवं माणूस म्हणजे सरांची आई, झुंबरबाई. "तुमी जा, घराला कुणी पाहिजेच की," असं म्हणून ती मागं राहिली. सरांना ते बरं वाटलं नाही, पण ते गेले.

माझं घरात जंगी स्वागत झालं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यावर संकट आलं. सरांना लॅमिनेशनचा नाद आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड, पोरांचे निकाल, इतकंच काय, स्वतःची लग्नपत्रिकाही त्यांनी प्लास्टिकमध्ये गोठवून ठेवली आहे. ते मला घेऊन राधेश्यामच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले.

"सर, हे तर प्लास्टिकच हाय," राधेश्याम म्हणाला. "प्लास्टिकला प्लास्टिक कशाला?"

"तू कर, राधेश्याम. डबल कर. जिंदगीभर टिकलं पाहिजे."

गरम रुळांतून मला दोनदा काढलं. पापड भाजताना त्याला काय वाटत असेल, ते मला तेव्हा कळलं. पण नंतर मी आरशात पाहिलं तर काय चमकत होतो! मला शोकेसमध्ये जागा मिळाली. एका बाजूला सरांना भीमजयंतीच्या व्याख्यानाबद्दल मिळालेलं सन्मानचिन्ह, दुसऱ्या बाजूला अक्षताचा वक्तृत्वाचा कप. पाहुणे आले की चहाच्या आधी मी दाखवला जायचो. सर माझ्याविषयी बोलत आणि बेबीनंदा जहाजावरच्या जेवणाविषयी. तिथे अकरा प्रकारचे पाव होते, हे सगळ्या मंठ्याला पाठ झालं होतं.

एकदा अक्षता आजीला मोबाइलवर समुद्राचे फोटो दाखवत होती. तिला वाटलं, आजी चकित होईल. झुंबरबाई हसली.

"समुंदर मी कवाचा बघून राह्यले, पोरी. लग्न झाल्यावर दुसऱ्या सालापासून दर सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाते. एकदाच चुकलं, तुझ्या बापाच्या जल्माच्या साली."

"मग तुला जहाजात नाही बसावंसं वाटत?"

झुंबरबाई म्हणाली, "वाटतं ना. दर्शन झालं की आमी बाया वाळूत बसतो. लांब जहाजं दिसतात. मला दर सालाला वाटतं, तिकडून आपली चैत्यभूमी कशी दिसत आसल? आपुन निस्ती अलीकडून बघितली. एकदा पान्यातून बघायची हाय."

हे ऐकून सर पेपर ठेवून उठले. लहानपणी ते आईचं बोट धरून दादरला जायचे. नोकरी लागल्यावर, गर्दी फार होते आणि टीव्हीवर सगळं दिसतं म्हणून त्यांचं जाणं सुटलं होतं. ते म्हणाले, "माय, पुढच्या सालाला तुला जहाजात बसवतोच. आपन गोल्ड मेंबर हावोत." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. खरं सांगतो, माझी छाती फुगली. एका म्हातारीची इच्छा माझ्या भरवशावर होती.

इथून पुढे माझी जी शोभा झाली, ती सांगायला लाज वाटते.

दर वर्षी कंपनीचं पत्र यायचं. 'प्रिय सुवर्ण सभासद, आपल्या निष्ठेला आमचा मानाचा मुजरा.' मुजऱ्याच्या खाली नवं भाडं लिहिलेलं असायचं. भाडं हत्तीच्या पावलानं वाढायचं आणि आमची खास सवलत मुंगीच्या. मग बंदराचा आकार वेगळा, इंधनाचा वेगळा, वाढप्यांची बक्षिसी आधीच कापलेली. पाण्यावर जायचं आणि ते पाणी दिसावं असंही वाटत असेल, तर खिडकीचे पैसे निराळे. मला 'निष्ठागुण' नावाची कमाई होती. चार वर्षांच्या गुणांत एक कप कॉफी मिळणार होती, तीही शनिवार-रविवार सोडून आणि जहाजावर बसूनच प्यायची.

बेबीनंदा अंगणवाडी चालवते, तिला हिशेब चटकन दिसतो. "आवो," ती म्हणाली, "हे आपल्याला सूट देऊन राह्यले का आपल्याकडून घेऊन राह्यले?"

"नावं ठेवू नको," सर म्हणाले. "जुन्या गिऱ्हाइकाची कदर करतेत ते."

त्या कदरीचं दर्शन समोरच्या सोमेश्वरनं घडवलं. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात तो बायकोला, वंदनाला घेऊन त्याच जहाजावर जाऊन आला. येताना काजू घेऊन आमच्याकडे आला.

"जय भीम, सर. लई भारी जहाज हाय बघा. आन् खर्चा बी काई न्हाई. नव्या गिऱ्हाइकासाठी स्कीम होती. खिडकीवाली खोली तुमच्या बिगरखिडकीच्या भावात भेटली."

सरांच्या हातातला काजू तसाच राहिला. सोमेश्वर गेल्यावर त्यांनी कंपनीला फोन लावला. आवाज बाहेर येईल असाच लावला, त्यामुळे मीही ऐकला.

"नव्या माणसाला कमी आणि जुन्याला जास्त, असं कसं?"

पलीकडची मुलगी फार गोड होती. "सर, नवीन ग्राहकांना आकर्षित करावं लागतं ना. आपण तर आमचेच आहात."

त्या दिवशी शोकेसमध्ये मी पहिल्यांदा मान खाली घातली. बेबीनंदानं उपाय सुचवला, की या वेळी बुकिंग तिच्या नावानं करा, ती नवी गिऱ्हाईक होईल. सर चिडले. "म्हंजी बेइमानी करू? गोल्ड मेंबर हाव आपन!" माणसाच्या या सवयीचं मला नवल वाटतं. ज्यानं कदर केली नाही, त्याच्याशी माणसं इमानानं वागतात आणि घरात जे कायम हजर असतं, त्याला 'पुढच्या वर्षी' म्हणतात.

यंदा झुंबरबाईचे गुडघे बोलायला लागले. ती उठताना भिंत धरायची. सरांनी ते पाहिलं आणि मन घट्ट केलं. पाच माणसं, दोन खोल्या, जे होईल ते होईल. बुकिंग करायला सगळं घर एसटीनं संभाजीनगरला निघालं. झुंबरबाईनं ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं.

ऑफिस थंडगार होतं. काचेच्या पेटीत छोटं जहाज, भिंतीवर मोठा नकाशा. खुर्चीतल्या मुलीनं मला हातात घेतलं, यंत्राच्या फटीत घालून पाहिलं, उलटं घातलं, जोर लावला. मी जाईना. अंगावर दोन थर चढलेले, आत शिरणार कसा?

"सर, यावर काय लावलंय?"

"लॅमिनेशन. डबल केलंय," सर अभिमानानं म्हणाले.

तिनं नियमांचा कागद समोर ठेवला. कार्डावर कोणताही थर चढवल्यास सभासदत्व रद्द. सवलत गेली, गुण गेले, ती एक कप कॉफीही गेली. वर, आजींचं वय बघता वेगळा विमा आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र लागेल.

झुंबरबाईनं मला उचलून न्याहाळलं. "एवढं जपलं म्हनून रद्द झालं व्हय?"

त्या मुलीनं नियमांचा कागद तिच्याकडे सरकवला. सर मात्र हटून बसले. सवलत नको, विमा काढतो, पूर्ण भाडं भरतो, माझ्या मायला न्यायचंच. तेव्हा झुंबरबाई पुढं सरकून म्हणाली, "बाई, एक सांग. तुमचं जहाज दादरच्या चैत्यभूमीसमोरून कवा जातं? दिवसा जातं ना?"

मुलगी उठली आणि तिनं नकाशावर बोट ठेवलं. "आजी, जहाज इथून, पूर्वेकडच्या बंदरातून निघतं आणि असं कुलाब्याला वळसा घालून खाली गोव्याकडे जातं. दादर इकडं, वर राहतं. ते दिसतच नाही."

सर नकाशाकडे बघत राहिले. वीस वर्षं ते पोरांना नकाशा वाचायला शिकवतात. नकाशात दिशा आधी बघा, हे त्यांचं पहिलं वाक्य असतं. चार वर्षं त्यांनी भाडं बघितलं, सूट बघितली, मला बघितलं, पण दिशा बघितली नव्हती. त्यांचा चेहरा असा पडला की मला माझं दुःख आठवेना.

झुंबरबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ते सगळं पाणी हसण्याचं नव्हतं, हे मी जवळून पाहिलं.

परतीच्या एसटीत जालना मागं पडल्यावर झुंबरबाई म्हणाली, "तातेराव, जहाज ऱ्हाऊ दे. तू यंदा सहा डिसेंबरला चल. लई साल झाले, आला न्हाईस."

सर फक्त "हाव, माय," म्हणाले.

घरी आल्यावर मला शोकेसमधून काढलं. कचऱ्यात जाणार म्हणून मी डोळे मिटले होते, पण अक्षतानं मला उचललं. गर्दीत चुकामूक होऊ नये म्हणून आजीच्या पदराला दरवर्षी नाव-पत्त्याची चिठ्ठी टाचलेली असायची आणि घामानं ती दरवर्षी पुसून जायची. अक्षतानं माझ्या मागच्या बाजूवर जाड शाईच्या पेननं आजीचं नाव, मंठ्याचा पत्ता आणि सरांचा मोबाइल नंबर लिहिला. वर भोक पाडलं, निळी दोरी ओवली. राधेश्यामचे ते दोन थर अखेर कामाला आले. परतूरहून रेल्वेत बसताना मी झुंबरबाईच्या गळ्यात होतो आणि मागची बाजू पुढं होती.

गर्दीविषयी मी काय सांगू? मी काचेआड राहिलेला. इतकी माणसं, उन्हात तासन् तास रांगेत उभी, आणि एकाजवळही सभासदत्वाचं कार्ड नाही. कुणाला सूट नव्हती, कुणाचे गुण साठत नव्हते. पुढच्या वर्षी या म्हणून कुणी पत्र पाठवणार नव्हतं, तरी सगळे पुढच्या वर्षी येणार होते. मला माझ्या अंगावरच्या अक्षरांची शरम वाटली.

दर्शन झालं आणि आम्ही वाळूवर आलो. जहाज कंपनीच्या या सुवर्ण सभासदानं त्या दुपारी पहिल्यांदा समुद्र पाहिला.

झुंबरबाई बसली नाही. ती पाण्याकडे चालू लागली. एका हाताला सर, दुसऱ्या हाताला अक्षता. लाट आली तशी ती थबकली, मग पुन्हा पुढं. पोटरीपर्यंत पाणी आलं तेव्हा किनाऱ्यावरच्या पोलिसानं शिट्टी मारली, "आजी, बस्स! तिथंच थांबा!"

ती थांबली आणि हळूच मागं वळली. तिच्या गळ्यात मीही वळलो. समोर वाळू, माणसंच माणसं, आणि त्यांच्यावर उठून दिसणारा पांढरा घुमट.

"आशी दिसते व्हय," ती म्हणाली. तिनं हात जोडायला दोन्ही हात सोडवले, तेव्हा दोघांनी तिला दंडाला धरलं. ती किती तरी वेळ बघत राहिली.

सरांना राहवलं नाही. "माय, हे तर कवाबी करता आलं आस्तं. हितं येऊन निस्तं पान्यात उतरून वळायचंच होतं."

"व्हय," झुंबरबाई म्हणाली. "पर लाट वढून नेती रे एकटीला. हात धराया कुनीतरी पाहिजे ना."

सरांनी आईच्या दंडावरची पकड आणखी घट्ट केली.

मागच्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. 'आम्हाला आपली आठवण येते. परत या, नवं कार्ड घ्या.' सरांनी ते वाचलं आणि त्यावर मटार सोलले.

माझी मुदत संपली, असं पुढच्या बाजूला छापलेलं आहे. असू दे. मी खिळ्यावर निवांत आहे आणि पुढच्या डिसेंबरची वाट बघतोय. तुमच्याकडे एकच मागणं. दादरच्या वाळूवर गळ्यात सोनेरी कार्ड घातलेली एखादी म्हातारी एकटी दिसली, तर पुढची बाजू वाचू नका, तिच्यातलं एकही अक्षर खरं नाही. मला उलटा करा, मागचा नंबर लावा, आणि सर येईपर्यंत तिचा हात धरून ठेवा.