ढोलाचा वळ

"गेल्या काही दिवसांत पायाला मार लागलाय का? पडलात, कुठे आपटलात?" एमआरआयच्या मशीनवरच्या मुलीने विचारलं.

नीलिमाने शेजारी पाहिलं. तिचा नवरा विलास तिची पर्स मांडीवर घेऊन असा बसला होता, की जणू दहावीचा पेपर त्यालाच द्यायचाय.

"नो," नीलिमा म्हणाली.

आणि तिथेच सगळं बिनसलं. कारण मार लागला होता, आणि तोही चांगला काळानिळा. मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनातल्या एका गोदामाच्या मागे दर रविवारी ढोलपथकाचा सराव चालायचा. "मी फक्त ध्वज धरते," असं विलासला सांगून बाईसाहेब तिथे जायच्या आणि कमरेला मोठा ढोल बांधून दुपारभर वाजवायच्या. ढोलाची कड नेमकी डाव्या मांडीवर यायची. त्याच मांडीवर, जिथे दोन वर्षांपूर्वी गाठ आली होती.

तेव्हा तिला वाटलं होतं, उभं राहून राहून स्नायू आखडला असेल. तिचं कामच उभं राहण्याचं. शाळेसमोरच्या क्रॉसिंगवर हातात 'स्टॉप'ची पाटी घेऊन ती सकाळ-संध्याकाळ मुलांना रस्ता ओलांडून द्यायची. पाटी वर झाली की वाळूचे ट्रकसुद्धा जागच्या जागी थांबायचे, याचा तिला भारी अभिमान होता. पण गाठ पाटीला भीक घालणारी नव्हती. सार्कोमा निघाला, म्हणजे मांसातला कॅन्सर. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आणि मग सुरू झाली दर तीन महिन्यांची वारी: पायाचा एमआरआय, छातीचा सीटी. हा आजार परत आला तर बहुधा जुन्याच जागी येतो, नाहीतर फुप्फुसात, असं डॉक्टर ट्रान यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

तेव्हापासून विलास तिला काचेच्या बरणीसारखा जपत होता. दुधाचा कॅन उचलू नको, जिना चढू नको, नाचू नको. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो हे खरं, पण हा तर पाणीसुद्धा फुंकायला लागला होता.

स्कॅननंतर चार दिवसांनी डॉक्टर ट्राननी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मांडीच्या करड्या चित्रात, जुन्या टाक्यांशेजारी एक पांढुरका डाग होता.

"हा मागच्या वेळी नव्हता. सूज असेल, किंवा आजार परत आला असेल. आत्ता सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि छातीत डावीकडे एक ठिपका आहे, तिळाएवढा. असे ठिपके पुष्कळांना असतात. त्याच्यावरही लक्ष ठेवू."

ठिपक्याचं कोणी ऐकलंच नाही. विलासचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याच्याकडे बघून नीलिमाला राहवेना.

"इट्स द ढोल!" ती म्हणाली, आणि डॉक्टरांच्या टेबलावर दोन्ही हातांनी एक ठेका वाजवून दाखवला. पेनं उडाली. "कमरेला बांधतात. कड इथे घासते. वळ उठतात."

डॉक्टर ट्रान हसल्या. "मग स्कॅनच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"हा शेजारी बसला होता ना!"

"फेअर इनफ. वळ असेल तर जाईल. सहा आठवड्यांनी परत स्कॅन करू. तोवर ढोल नको, नाहीतर मला काहीच कळायचं नाही."

"डील," नीलिमा म्हणाली.

घरी पोचताच विलासने तिच्या गाडीच्या डिकीतला ढोल काढून गॅरेजमध्ये नेला, जुन्या गादीमागे ढकलला आणि दाराला कुलूप घातलं.

"पथकाच्या त्या अस्मिताला फोन करून सांग, माझं नाव काढून टाक म्हणावं. कायमचं."

"डॉक्टर सहा आठवडे म्हणाल्या. कायमचं तू म्हणतोयस."

"नीलू, त्या जागेवर ढोल आपटतेस तू! अक्कल गहाण टाकलीस का?"

त्यांची मुलगी उर्वी युनिव्हर्सिटीतून नुकतीच आली होती. ती दारातच थबकली. "मम, आर यू सीरियस? यू लाइड अबाउट द फ्लॅग?"

"हो, खोटं बोलले. खरं बोलले असते तर जाऊ दिलं असतंत मला?" नीलिमाचा आवाज चढला. "दोन वर्षं मी या स्कॅनपासून त्या स्कॅनपर्यंत जगतेय. मधले दिवस नुसते ढकलायचे. अरे, तपासायला जिवंत बाई तर हवी ना आत! ढोल वाजवते तेव्हा ही मांडी माझी असते. एरवी ती हॉस्पिटलचीच."

विलासने किल्ली खिशात टाकली. त्याला राग आला होता, पण त्याहून जास्त तो घाबरला होता. हे नीलिमाला कळत होतं, म्हणूनच तिने कुलूप तोडलं नाही. शब्द दिला होता, तो तिने पाळला. दर रविवारी ती सरावाला जायची आणि खरोखरच ध्वज धरून उभी राहायची.

सहा आठवड्यांनी पुन्हा तीच खोली, तीच स्क्रीन. मांडीवरचा डाग पार गेला होता.

"बघितलंस?" नीलिमाने विलासला कोपराने ढोसलं. तो दोन वर्षांत प्रथमच मोकळा हसला.

डॉक्टर ट्रान मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दुसरं चित्र उघडलं.

"पाय उत्तम आहे. पण छातीतला ठिपका वाढलाय. आजार परत आलाय असं मला वाटतं. एकच आहे, लहान आहे, काढता येईल. म्हणूनच तर आपण बघत राहतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ना, तसं झालं होतं. सगळं घर मांडीवरून भांडलं, ढोलाला कोंडून घातलं, आणि चोर वरच्या मजल्यावर निवांत बसला होता. नीलिमाला रडू आलं. तिने ते येऊ दिलं, मग विलासच्या खिशातला रुमाल ओढून नाक पुसलं.

"ऑपरेशन कधी?"

"पुढच्या गुरुवारी."

"त्याच्या आधीच्या रविवारी आमची मिरवणूक आहे. वाजवू?"

डॉक्टर ट्राननी दोघांकडे पाहिलं.

"पायाला काही झालेलं नाही. ढोलाखाली जाड पॅड बांधा. गुरुवार माझा. रविवार तुमचा."

रविवारी मेलबर्नचा बोचरा वारा सुटला होता. पार्कच्या पार्किंगमध्ये भगवे फेटे बांधलेली मंडळी ढोल ताणत होती. नीलिमा वाट बघत होती. सकाळीच "पुढे हो, मी आलोच" म्हणून विलास गॅरेजकडे गेला होता. त्याचं काही खरं नाही असं तिला वाटायला लागलं, तेवढ्यात त्याची गाडी वळली.

त्याने मागचं दार उघडून ढोल बाहेर काढला. कडेला उर्वीची जुनी योगा मॅट कापून नीट चिकटवलेली होती. गोंद अजून ओला होता.

"हात वर कर," तो म्हणाला.

तिने हात वर केले. त्याने दोर तिच्या कमरेभोवती फिरवला. गाठ मारून त्याने ती दोनदा ओढून पाहिली.

"जास्त घट्ट नाही ना झालं?"

"सैल आहे. अजून ओढ."

त्याने ओढलं. पुढे अस्मिताने शिट्टी फुंकली. नीलिमाने वारा भरून एक लांब श्वास आत घेतला, डावीकडच्या त्या तिळापर्यंत, आणि टिपरू उचललं.

विलास तिची पर्स घेऊन फुटपाथवर उभा राहिला. पहिला ठोका पडला, तेव्हा त्याने कान झाकले नाहीत.