गोल्डनेर हेख्टची भिंत

हात प्लास्टरमधून मोकळा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता थोडा थरथरेल." त्यांचं काय जातं म्हणायला! चाळीस वर्षं मी जर्मनीतल्या या फ्रँकन गावातल्या खानावळींच्या भिंतींवर नावं रंगवतेय. मनाशी ठरवलं, गोल्डनेर हेख्ट खानावळीची भिंत जमली तर जमली, नाहीतर ब्रश कायमचे पेटीत.

हेख्टचा मालक ऑटमार. पोरगा गुणी, पण हट्टी. रविवारी खानावळ नव्याने उघडायची होती. नाव आमच्या त्याच जुन्या, काळ्या, टोकदार अक्षरांत हवं होतं, पण कम्प्युटरवरून कागद काढून आणला तो सगळाच्या सगळा कॅपिटलमध्ये.

"लांबून दिसायला हवं, डिस्टलरबाई."

"दिसेल रे, पण वाचणार कोण? यातलं कॅपिटल म्हणजे पिसांची टोपी घातलेली बाई. एखादी असली की शोभते. तेरा जणी ओळीने बसवल्यास तर कुणाचं तोंड दिसेल?"

"तुमचं आपलं काहीतरीच! जग बदललंय, बाई."

खरं सांगते, तेव्हा गप्प बसावंसं वाटलं. कॅपिटलच्या वेटोळ्यांत हात थरथरला तरी खपून जातं, लोक नक्षी समजतात. छोट्या अक्षरांत लपायला जागाच नाही. सगळ्या उभ्या रेघा, सारख्या जाडीच्या, एकमेकींना खेटून. एक वाकडी गेली की सगळं मुसळ केरात.

पण म्हणून वाचता न येणारं नाव रंगवायचं? तेही माझ्या हाताने? छे! खडूने आधी त्याच्या मनासारखं लिहून दाखवलं. तेवढ्यात पोस्टमन आल्फोन्स सायकलवरून आला. याच दारात तीस वर्षं पत्रं टाकतोय.

"आल्फोन्स, वाच रे हे!"

त्याने चष्मा सारखा केला, मान इकडे तिकडे वाकडी केली. "काही लागत नाही. थडग्यावरच्यासारखं दिसतंय. कोण वारलं?"

ऑटमार कानापर्यंत लाल झाला. "पुसा, बाई."

पुसलं. जिंकले मी, आणि आता ती छोटी अक्षरं माझ्याच हाताला काढायची होती.

पहिलं कॅपिटल, जी. त्याची वळणं निभावली. मग ओ. मग एल, म्हणजे नुसती उभी रेघ. मनगट भिंतीला लावलेल्या आधाराच्या काठीवर टेकवलं, श्वास रोखला आणि चपटा ब्रश वरून खाली ओढला.

रेघ सरळ आली. डीची आली, एनच्या दोन्ही आल्या. हेख्टचं कॅपिटल एचही निभावलं, आणि पार शेवटच्या टीपर्यंत एकही रेघ हलली नाही.

शिडीवरून उतरले. पायरीवर बसून मोठ्याने म्हणाले, "सुटले गं बाई!" डोळे भरून आले, ते येऊ दिले.

ऑटमारने बिअरचा मग आणून दिला. तो उचलताना हात असा थरथरला की फेस बाहीवर सांडला.

"अहो बाई, हात बघा तुमचा!"

"थरथरू दे मेल्याला," मी म्हणाले. "काम झालंय त्याचं."