ऑर्फाच्या कुकरचा काटा

तीस वर्षं ऑर्फा टॅकेटच्या बरणीतल्या घेवड्याच्या शेंगांचा लगदा होत आला होता, आणि तीस वर्षं कौंटीच्या जत्रेतली पहिल्या नंबरची निळी फीत तिची नणंद विल्डा घरी नेत होती. बियाणं तेच, पाणी तेच, वर्षभर टिकवायच्या शेंगा बरणीत भरून शिजवायला सासूने दोघींना दिलेले मोठे कुकरही सारखेच. "वहिनी, हाताला गुण असावा लागतो," विल्डा म्हणायची, की ऑर्फाच्या अंगाचा तिळपापड. यंदा तिने सत्तरी गाठली होती. फीत मिळाली तर ठीक, नाहीतर पुन्हा जत्रेत बरणी न्यायची नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

शेंगा तोडायला येण्याआधी कौंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात कुकरच्या दाबाचे काटे फुकट तपासून देतात. ऑर्फा आजवर कधी गेली नव्हती. सासूच्या कुकरवर संशय घ्यायचा? छे! पण आता गमवायला उरलंच काय होतं? नवऱ्याला, डेल्मरला गाडी काढायला लावून ती कुकर मांडीवर घेऊन निघाली.

कार्यालयात ही गर्दी! कुणी पिशवीतून शेतातली माती तपासायला आणलेली, कुणी किडलेलं मक्याचं कणीस, आणि दोन पोरी जत्रेसाठी ससा कसा धरायचा ते शिकत होत्या. विल्डाही तिथेच, आपल्या कुकरचं काटा बसवलेलं झाकण घेऊन.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" ती खिदळली.

कार्यालयातल्या कोरा प्रुइटने ऑर्फाचा काटा आपल्या यंत्राला लावला. एकदा. दोनदा. मग डोळे मोठे करून म्हणाली, "ऑर्फाबाई, हा अकरा पौंड दाखवतो तेव्हा आत दाब चौदा असतो! शेंगा बिचाऱ्या काय करतील? खाल्ल्या तर बाधत नाहीत, पण लगदा होणारच."

"म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं!" ऑर्फा एवढ्या जोराने ओरडली की ससा सुटून टेबलाखाली पळाला.

नवा काटा बसला. जत्रेत परीक्षकाने तिची बरणी उजेडात धरली. पाणी नितळ, शेंगा ताठ. निळी फीत! विल्डाने तोंड वाकडं केलं, मग स्वतःच येऊन तिला कडकडून मिठी मारली.

रात्री जेवताना डेल्मर त्या शेंगा काटाचमच्याने नुसत्या इकडून तिकडे सरकवत बसला.

"काय झालं?"

"छान आहेत गं. पण... आधीच्यासारख्या मऊ आता नाहीच का होणार?"

"अरे देवा! मला वाटायचं, माझं मन राखायला गिळतोस बिचारा."

"मन राखायला कुणी तीनदा वाढून घेतं का?"

ऑर्फा हसता हसता रडली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा कुकर चढवला. नव्या काट्याची सुई अकरावर आली. तिने भिंतीवरच्या फितीकडे एकदा पाहिलं, आणि सुई खुशाल चौदावर जाऊ दिली.