जून महिन्यातला फोन

बसाप्पांच्या फोनमध्ये जून महिना कधी संपत नसे, आणि हे साऱ्या कोल्हापुरात एकट्या शिवप्रसादला ठाऊक होते.

दर चार आठवड्यांनी मुरगूडच्या एसटीतून एक उंच, काटक माणूस उतरे आणि पांढरी काठी टेकत स्टँडसमोरच्या शिवप्रसादच्या मोबाईलच्या गाळ्यात येई. बसाप्पा जन्मांध होते; भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करून पोट भरीत. "तम्मा, पावण्याची सर्व्हिसिंग कर बाबा," म्हणून ते फोन काउंटरवर ठेवीत. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ; पावणा म्हणजे फोनमधला आवाज. पडद्यावरचे प्रत्येक अक्षर वाचून दाखवणारे एक परदेशी सॉफ्टवेअर.

सर्व्हिसिंग असे काही नव्हतेच. शिवप्रसाद पेचकस उचलून एका जुन्या फोनचे स्क्रू उगाच सैल करी, पुन्हा आवळी. त्या किरकिरीच्या आडून तो बसाप्पांच्या फोनमधली तारीख मागे सारून पुन्हा एक जून करी. आवाजाची फुकट मुदत तीस दिवसांची होती. काळ मागे ढकलला, की त्याला पुन्हा तीस दिवसांचे आयुष्य मिळे. बसाप्पांच्या कानी विसंगती पडू नये म्हणून त्याने पडद्यावरून तारीखच काढून टाकली होती. वेळ तेवढी ठेवली होती. वेळ खरी आणि दिवस खोटा, अशा घरात तो आवाज नांदत होता.

वाईट याचे, की प्रारंभ प्रामाणिक होता.

दोन हजार सातच्या जूनमध्ये बसाप्पा पहिल्यांदा आले, तेव्हा काउंटरला टेकून दिलदार नावाचा रिक्षावाला मेमरी कार्डात गेम भरून घेत होता. आवाजाची किंमत फोनच्या दीडपट आहे हे ऐकून तो मोठ्याने हसला.

"अवो पावणं, हवंला कोण पैसं देतंय? हातात धरता येत न्हाय, तराजूत घालता येत न्हाय. ह्यो शिवा सगळं फुकट टाकून देतोय की!"

"खरंच देतो, अण्णा," शिवप्रसाद बसाप्पांना म्हणाला होता.

बसाप्पांनी मान आवाजाच्या दिशेने वळवली. "पेटीतबी हवाच असती की. म्हणून मी फुकट दुरुस्त करतोय व्हय?" मग हळू आवाजात ते म्हणाले, "तम्मा, आंधळ्याला लोकं सगळं फुकट देत्यात. जेवण देत्यात, धोतर देत्यात, एसटीत जागा देत्यात. इकत कुणी काय देत न्हाय. मला ह्यो पावणा इकत पायजे."

त्यांनी उपरण्याच्या गाठीतून नोटा काढून दिल्या.

शिवप्रसादला पैसे खरोखरच पाठवायचे होते. परंतु त्या परदेशी कंपनीला क्रेडिट कार्डाखेरीज दुसरी वाट मान्य नव्हती, आणि स्टँडसमोरच्या भाड्याच्या गाळेवाल्याला कार्ड द्यायला दोन बँकांनी नकार दिला. कार्ड मिळेपर्यंत म्हणून त्याने ती फुकटची मुदत चालू करून दिली. जुलैत गाळामालकाने डिपॉझिट वाढवून मागितले. नोटा गेल्या, जून मात्र राहिला. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या शिवप्रसादला अपराधाविषयीच्या कितीतरी ओळी पाठ होत्या. मात्र अपराध इतका लहान, इतका नियमित आणि पेचकसाएवढ्या आवाजाचा असू शकतो, हे त्याला कोणत्याही कवितेने सांगितले नव्हते.

ऑक्टोबरात बसाप्पा ठरल्या दिवसाआधीच आले. नवरात्र दुसऱ्या दिवशी बसणार होते. स्टँडवर झेंडूच्या पाट्यांची दाटी होती. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला नाही, हातातच धरून ठेवला.

"आजऱ्याचं घर गेलं," ते म्हणाले.

"कसलं घर, अण्णा?"

"तिथल्या मठातल्या तीन पेट्या. चौदा वर्सं नवरात्राआधी मीच सूर लावून देतोय. नऊ तारखंला यायचं कबूल केलतो. शांभवीनं, माझ्या पुतणीनं, फोनात आठवण लावून दिलती, 'नऊ ऑक्टोबर, आजरा' म्हणून. पावणा सांगंल म्हणून निवांत बसलो. त्यो बोललाच न्हाय. काल त्यांनी दुसऱ्याला बोलवलं." ते थांबले. "आधी मी दिवस बोटांवर मोजत हुतो. फोन आल्यावर बोटं मोकळी केली बघ."

शिवप्रसादने डोळे मिटले. नऊ ऑक्टोबर त्या फोनमध्ये उजाडणारच नव्हता.

"तुझ्यावर राग न्हाय, तम्मा. राग कंपनीवर. पैसं मोजल्यात म्हटल्यावर इचारायचा हक हाय की न्हाय? कॉम्प्युटर उघड. मी सांगतो, तू इंग्रजीत लिही." बसाप्पांनी स्टूल ओढले, ताठ बसले, आणि मठाच्या ओसरीवर बोलावे तशा संथ स्वरात सांगू लागले. "साहेब, मी बसाप्पा, पेटीवाला, मुक्काम मुरगूड. मी तुमचा गिऱ्हाईक हाय. जूनमध्ये रोख पैसं देऊन तुमचा आवाज घेतला. आवाज ग्वाड हाय, त्याबद्दल तक्रार न्हाय. पण त्यानं मला दगा दिला... लिहिलंस?"

"लिहितोय."

"मग कळा का वाजंनात तुझ्या?"

शिवप्रसादचे हात कीबोर्डवर तसेच पडून होते. पेचकस बाजूलाच होता. पुन्हा काहीतरी वाजवता आले असते.

"अण्णा, तुम्ही त्यांचे गिऱ्हाईक न्हाई."

मग त्याने सगळे सांगितले. कार्ड, डिपॉझिट, जून. सांगताना त्याला वाटले होते, तेवढे तरी ओझे उतरेल; ते केवळ काउंटरपलीकडे सरकले.

बसाप्पांनी काठीच्या मुठीवर अंगठा फिरवला. "आणि त्ये स्क्रू फिरवायचास, त्ये?"

"उगाच."

"मला ऐकवायला."

"व्हय."

"डोळ्यानं फसवलं असतंस तर नवल नव्हतं, तम्मा. कुणीबी फसवतंय. तू कानानं फसवलंस."

बाहेर कागलची गाडी लागल्याची आरोळी उठली, विरली.

बसाप्पांनी फोन पुढे केला. "तारीख खरी कर."

"खरी केली की ह्यो मुका होणार, अण्णा. मुदत कवाच सरलीया."

"होऊ दे."

"तुम्हाला अडचण होईल. पैसे भरेपर्यंत तरी..."

"पन्नास वर्सं अडचणीतच काढली. खोट्या जूनमध्ये ऱ्हायाला नको मला."

शिवप्रसादने अकरा ऑक्टोबर घातले. पावण्याने एकच वाक्य उच्चारले, नेहमीच्याच गोड, निर्विकार इंग्रजीत: "ट्रायल पीरियड एक्स्पायर्ड." मग तो थांबला. बसाप्पांनी एक कळ दाबून पाहिली, दुसरी दाबली. पुढे काही ऐकू आले नाही. त्यांनी फोन रुमालात गुंडाळून खिशात घातला.

"पैसे मी फेडतो," शिवप्रसाद म्हणाला. "महिन्याच्या महिन्याला तुमच्या हातात देतो."

"माझ्या न्हाय. ज्यानं ह्यो आवाज केला, त्याच्या हातात. पत्र अर्धंच हाय, फुडं लिही. 'गिऱ्हाईक हाय' असं नको. 'गिऱ्हाईक व्हायचं हाय' असं घाल. कार्ड नसलेल्या माणसानं पैसं कसं भरायचं त्ये इचार. चार म्हैनं फुकट वापरला, त्येबी सांग."

"ते तुम्ही न्हाई, मी..."

"मग खाली तुझं नाव घाल. वर माझं, खाली तुझं."

शिवप्रसाद लिहू लागला. बसाप्पा कान तिरका करून ऐकत बसले होते, पेटीतला फुटका सूर शोधताना बसत तसे. या वेळी एकही कळ उगाच वाजत नव्हती. खालचे नाव लिहिताना हात अडखळला, ते त्यांनी ऐकले असावे.

पत्र गेल्यावर ते उठले. दारात थांबून त्यांनी विचारले, "आज वार कुठला?"

"गुरुवार, अण्णा."

शिवप्रसादचे हे उत्तर त्यांनी तसेच घेतले नाही. पायरीवर पाट्या मांडून बसलेल्या फुलवाल्या तानाबाईकडे वळून त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. ती "गुरुवार की वो," म्हणाली, तेव्हाच त्यांनी करंगळीच्या पेरावर अंगठा टेकवला आणि मोजत मोजत ते मुरगूडच्या गाडीकडे चालू लागले.